पहिला खेळ आणि त्याचे प्रेक्षक

एखादे नवे यंत्र प्रथमच लोकांपुढे मांडले गेले, तेव्हा समोर बसलेल्यांना काय वाटले, असा प्रश्न इतिहासाला विचारला तर बहुधा दोनच उत्तरे मिळतात. लोक थक्क झाले, हे एक. आणि लोकांनी ढुंकूनही पाहिले नाही, हे दुसरे. त्या यंत्राच्या पुढील भाग्याशी या दोन्ही उत्तरांचा संबंध असतोच, असे मात्र नाही.

आज साऱ्या जगाच्या हातात असलेल्या 'वेब'चीच हकिकत पाहा. १९९१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील सॅन अँटोनियो या शहरी 'हायपरटेक्स्ट'च्या अभ्यासकांची परिषद भरली होती. संगणकावरील एका लेखातल्या शब्दावरून थेट दुसऱ्या लेखात कसे जाता यावे, हा त्या विद्वानांचा विषय. जिनेव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेतून टिम बर्नर्स-ली आणि रॉबर्ट कायो हे दोघे आपली योजना घेऊन तेथे गेले. त्यांचा निबंध परिषदेने आधीच नाकारला होता. केवळ प्रात्यक्षिक दाखविण्याची मुभा मिळाली होती. जे यंत्रांचे जाळे जगभर पसरावयाचे, त्याला जोडून घेण्याची साधी सोयही परिषदेच्या हॉटेलात नव्हती. टेलिफोनच्या तारेचा आधार घेऊन त्यांनी ती कशीबशी करून घेतली.

पाहणारे लोक अडाणी नव्हते. उलट त्या विषयातील जाणते होते, आणि अडचण होती ती नेमकी येथेच. त्यांच्या स्वतःच्या रचना अधिक रेखीव होत्या. या नव्या योजनेतला दुवा एकाच दिशेने जाणारा. ज्या पानाकडे तो नेतो ते पान नाहीसे झाले, तर दुवा तसाच अधांतरी लोंबकळत राहणारा. पंडितांना ही उणीव खटकणे स्वाभाविक होते. परंतु दोनच वर्षांनी सिॲटल येथे तीच परिषद भरली, तेव्हा तेथे मांडलेल्या बहुतेक प्रयोगांचा वेबशी काही ना काही संबंध जडलेला होता.

याच्या उलटही घडते. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट याने सुमारे हजार तज्ज्ञांपुढे दीड तास एक प्रात्यक्षिक केले. 'माउस', पडद्यावर दुरुस्त होणारा मजकूर, दूरच्या सहकाऱ्याशी पडद्यावरूनच होणारे संभाषण, हे सारे त्यात होते. सभा उठून उभी राहिली, टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि पुढील दशकात त्याच्या प्रयोगशाळेतील माणसे एकेक करून पांगली, पैशाचा ओघही आटला. सामान्य माणसाच्या मेजावर माउस यावयास १९८० नंतरची वर्षे उजाडावी लागली. म्हणजे टाळ्यांवरूनही निदान करता येत नाही.

तर मग पहिल्या खेळाच्या प्रेक्षकांत आपण शोधावे तरी काय? या प्रश्नाचे उत्तर मला मुंबईच्या एका जुन्या घटनेत सापडते, म्हणून थोडे मागे जाऊ.

७ जुलै १८९६. ऐन पावसाळ्याचे दिवस. काळ्या घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात, इंग्लंडात ओतून जहाजाने आणलेल्या लोखंडी सांगाड्याच्या त्या इमारतीत, फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंचा 'सिनेमॅटोग्राफ' दाखविला गेला. दर एक रुपया. वर्तमानपत्रातील जाहिरातीने शतकाचे नवल म्हणून त्याची वाखाणणी केली होती. सहा लहान चित्रपट होते. प्रत्येक जेमतेम मिनिटभराचा. स्थानकात शिरणारी आगगाडी, समुद्रस्नान, पाडली जाणारी भिंत, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, असे त्यांचे विषय. पॅरिसमध्ये तिकीट लावून पहिला खेळ झाला तो २८ डिसेंबर १८९५ रोजी. म्हणजे हे नवल मुंबईस पोचावयास सहा-सात महिनेच लागले. ऑस्ट्रेलियाकडे निघालेला ल्युमिएरांचा प्रतिनिधी मारियस सेस्तिए वाटेत मुंबईस उतरला होता, हे त्याचे साधे कारण.

पडद्यावरची आगगाडी अंगावर येते असे वाटून प्रेक्षक पळत सुटले, ही कथा आपण सर्वांनीच ऐकली आहे. ती पॅरिसची म्हणून सांगतात; पण तेथील पहिल्या कार्यक्रमात आगगाडीचे चित्र नव्हतेच, आणि अशा पळापळीस भरवशाचा पुरावा इतिहासकारांना मिळालेला नाही. मुंबईकराने तर १८५३ पासून खरी आगगाडी पाहिलेली. शिवाय पडद्यावरील प्रकाशचित्रेही आपल्या लोकांस अगदीच अपरिचित नव्हती. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन १८९२ पासून 'शांबरिक खरोलिका' या नावाने काचेवर रंगविलेल्या चित्रांचे खेळ करीत असत. पटवर्धनांच्या खेळात रंग होते, कथा होती, निवेदन होते. फ्रेंच यंत्राचे चित्र करडे आणि मुके. त्याच महिन्यात दूर रशियात मॅक्झिम गॉर्की या तरुण लेखकाने हाच खेळ पाहून लिहिलेला लेख प्रसिद्ध झाला. त्याला ते सावल्यांचे निःशब्द, राखाडी जग पाहून उदासच वाटले होते. नव्या वस्तूत काय आहे यापेक्षा काय नाही, हेच जाणत्याच्या डोळ्यांना आधी दिसते. गॉर्कीही त्याला अपवाद नव्हता.

लवकरच हा खेळ नॉव्हेल्टी नाटकगृहात गेला. दर चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत विभागले गेले, आणि पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र कक्ष राखले गेले. एक रुपयाच्या प्रेक्षागृहातून चार आण्यांच्या प्रेक्षागृहात येणे, ही माझ्या मते या यंत्राच्या इतिहासातील मोठी घटना होय. वर्तमानपत्रांतील प्रशंसेहून मोठी.

या प्रेक्षकांत हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर नावाचे एक मराठी छायाचित्रकार होते. लोक त्यांना सावेदादा म्हणत. छायाचित्रण हा त्यांचा पोटाचा धंदा. काच, रसायन आणि प्रकाश यांच्याशी रोजचा व्यवहार. पाहणाऱ्या शेकडो जणांना चित्र हलले याचे कौतुक वाटले असेल. सावेदादांच्या मनात, ते कशाने हलले आणि आपल्याला हलविता येईल काय, हा प्रश्न उठला असला पाहिजे. ल्युमिएरांचे यंत्र सुमारे पाच किलो वजनाची एक लाकडी पेटी होती. चित्र घेणे, त्याची प्रत काढणे आणि ते पडद्यावर टाकणे, ही तिन्ही कामे तीच करी. पण आरंभी ते बंधू ही पेटी कोणास विकत नसत. आपली माणसेच ती घेऊन देशोदेशी हिंडवीत. सावेदादांनी २१ गिनी मोजून इंग्लंडहून दुसरा कॅमेरा मागविला. १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये दोन पहिलवानांची कुस्ती लावून त्यांनी ती चित्रित केली. फीत धुण्यासाठी जहाजाने विलायतेस पाठवावी लागली. पाहण्यापासून करण्यापर्यंतचा हा रस्ता तीन वर्षांचा, एकवीस गिनींचा आणि एका समुद्रप्रवासाचा होता. नव्या यंत्रात सहभागी व्हावयाची ती पट्टी होती, आणि ती फारच थोड्यांना परवडणारी होती.

सॅन अँटोनियोत ज्या योजनेकडे पंडितांनी काणाडोळा केला, तिचे बळ याच ठिकाणी होते. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने तिच्यावरील आपला हक्क सोडून ती सर्वांना विनामूल्य खुली केली. त्यातील कोणतेही पान ज्या खुणांनी घडविले आहे, त्या खुणा वाचकाला तेथल्या तेथे उलगडून पाहता येतात आणि तशाच वापरून दुसरे पान रचता येते. चार आण्यांचा प्रेक्षक आणि पेटी फिरविणारा माणूस यांच्यामधली भिंतच पडली. ल्युमिएरांच्या चित्रात ती पडताना नुसती पाहावयास मिळे.

सावेदादांचा मार्ग पुढे फारसा विस्तारला नाही; मोठी कथाचित्रे त्यांनी केली नाहीत. ते काम दादासाहेब फाळके यांचे. १९१० च्या सुमारास गिरगावात येशूच्या जीवनावरील चित्रपट पाहून तेही याच प्रश्नाने झपाटले, आणि पैसा देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून वाटाण्याचे रोप दिवसामागून दिवस टिपून, ते क्षणांत वाढताना त्यांनी पडद्यावर दाखविले. तो लहानसा प्रयोग पाहिलेल्यांनी हात ढिला केला, म्हणून ३ मे १९१३ रोजी 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे येऊ शकला.

सावेदादांनी मात्र त्याआधी, १९०१ च्या डिसेंबरात, आपला कॅमेरा मुंबईच्या गर्दीकडे वळविला होता. केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतले, तेव्हाचे त्यांचे स्वागत त्यांनी टिपले. पाच वर्षांपूर्वी परक्या कारखान्यातून बाहेर पडणारे फ्रेंच कामगार पैसे देऊन पाहणारे शहर आता स्वतःच त्या पडद्यावर आले होते.