पायरीपासून मैदानापर्यंत : देव, दुर्बळ आणि क्रीडापटाची गोष्ट

१/ शेवटच्या क्षणी हरलेला माणूस उठतो, मनोमन देवाचे नाव घेतो आणि जिंकतो. क्रीडापटातला हा प्रसंग आपण अनेकदा पाहिला आहे, तरी दर वेळी डोळे पाणावतात. असे का होते? या प्रश्नाचा एक धागा सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढ्यापर्यंत जातो.

२/ आधी जगप्रसिद्ध उदाहरण पाहू. १९८१ सालचा ‘चॅरियट्स ऑफ फायर’. स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल रविवार हा देवाचा दिवस मानत असे. म्हणून १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १०० मीटरची शर्यत त्याने सोडली आणि ४०० मीटरमध्ये सुवर्णपदक जिंकले. श्रद्धेसाठी त्याग आणि त्यागानंतर यश, असा हा साचा आहे.

३/ मराठी मनाला हा साचा ओळखीचा वाटतो, पण तो खेळातून आलेला नाही, संतचरित्रांतून आला आहे. प्रभातने ‘धर्मात्मा’ (१९३५) आणि ‘संत तुकाराम’ (१९३६) हे चित्रपट काढले, तेव्हा पडद्यावर एकटा, निर्धन, अपमानित माणूस आणि समोर प्रतिष्ठितांची फळी असाच सामना होता. त्यात निकाल देवाच्या हाती होता.

४/ मात्र आपल्या परंपरेत एक अवघड चरित्र आहे. चोखामेळा मंगळवेढ्याचे. तेथून पंढरपूर सुमारे २५ किलोमीटर. भक्ती एवढी, की विठ्ठल त्यांच्यासोबत ढोरे ओढू लागला अशी आख्यायिका आहे. तरीही मंदिराचे दार त्यांना बंदच राहिले. १३३८ मध्ये मंगळवेढ्यात वेठीच्या कामावर असताना गावकूस कोसळून त्यांचा अंत झाला, असे परंपरा सांगते.

५/ त्यांच्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले, त्यावरून नामदेवांनी त्या ओळखल्या, अशी कथा आहे. समाधी झाली ती महाद्वारी, नामदेव पायरीसमोर. देव भक्ताकडे आला, पण भक्त देवळात गेला नाही. दार उघडायला १९४७ साल उजाडावे लागले. साने गुरुजींनी पंढरपुरात १ ते १० मे असे दहा दिवस उपोषण केले, त्यानंतर ते उघडले.

६/ आता हेच दार मैदानावर पाहा. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातील डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्यात खेळपट्टीची निगा राखता राखता ते इंग्रज फलंदाजांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करत. हिंदूंच्या संघाला त्यांची गोलंदाजी हवी होती, पण चहा त्यांना मैदानाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात मिळे.

७/ १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. कर्णधारपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये धाकट्या भावाकडे आले. त्या भावाचे नाव होते विठ्ठल.

८/ ‘लगान’ (२००१) मधला कचरा पाहताना बाळूंची आठवण होते. चित्रपट हृद्य आहे. निर्णायक दिवसाच्या आदल्या रात्री सारे गाव देवाला आळवते. पण एक फरक नजरेआड करू नये. कचऱ्याची फिरकी त्याच्या अधू हातातून आपोआप येते, जणू दैवी देणगी. बाळूंची फिरकी वर्षानुवर्षांच्या सरावातून आली. कथेत चमत्कार शिरला की श्रम झाकले जातात.

९/ कुस्तीत श्रद्धा आणि श्रम यांची अशी फारकत नाही. तालमीत मारुती असतो. मल्ल हौद्यातली माती कपाळाला लावतो, मगच खडाखडी. ताक, हळद, तेल, लिंबू घालून ती माती रोज उकरावी लागते. इथे पूजा आणि मेहनत हातात हात घालून चालतात.

१०/ याच मातीतले कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९४८ मध्ये लंडनला सहावे आले. १९५२ मध्ये हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

११/ हेलसिंकीत लागोपाठच्या दोन कुस्त्यांमध्ये नियमाप्रमाणे विश्रांती मिळायला हवी होती. पण तसा आग्रह धरायला भारताचा एकही अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. चित्रपटात अशा वेळी देव धावून येतो. इतिहासात धावून आले ते घर गहाण ठेवणारे प्राचार्य. अर्जुन पुरस्कारही खाशाबांना मरणोत्तरच मिळाला.

१२/ करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे याच जिल्ह्याचे. त्यांच्या ‘सैराट’ची (२०१६) सुरुवात गावच्या क्रिकेट सामन्याने होते. ‘झुंड’ (२०२२) नागपूरच्या विजय बारसे यांच्या कार्यावर आधारलेला आहे. पावसात फुटके डबे लाथाडणारी झोपडपट्टीतली मुले बारसे यांना दिसली आणि त्यांनी त्यांच्या हाती चेंडू दिला. चित्रपटात वस्ती आणि महाविद्यालय यांच्यामध्ये एक भिंत उभी आहे. चोखोबांचे गावकूस आणि ही भिंत यांच्यामध्ये सुमारे सात शतके आहेत.

१३/ ‘झुंड’मध्ये आकाशातून कृपा होत नाही. तिथे मिरवणूक निघते ती आंबेडकर जयंतीची. सामना जिंकल्यानंतरही मुलांना पासपोर्टसाठी, कागदपत्रांसाठी दारोदार फिरावे लागते. म्हणजे शेवटची शिट्टी वाजली तरी खरा सामना संपलेला नसतो.

१४/ म्हणून अशा चित्रपटांचे आध्यात्मिक आकर्षण खोटे नाही. ज्याला कोणी मोजत नाही, त्यालाही कोणीतरी पाहत असते, हा दिलासा माणसाला हवा असतो. चोखोबांच्या कथेने तो शतकानुशतके दिला. पण नुसता दिलासा मिळत राहिला, तर दार बंद ठेवणाऱ्यांचीही सोय होते. पुढचा क्रीडापट पाहताना जरूर रडा. मात्र घरी येऊन एवढे शोधा : त्या खेळाडूला मैदानाबाहेर कोणी अडवले होते, आणि दार नेमके कोणी उघडले?