तिथीची पाऊणपट

चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला समुद्र भरलेला. सकाळी नऊ आणि रात्री नऊला पार सुकलेला. अष्टमीला हीच भरती सहावर येते, दशमीला साडेसातवर. वसईच्या पाचूबंदर-किल्लाबंदरपासून अर्नाळ्यापर्यंतच्या कोळीवाड्यांत भरती-सुकतीचा हा हिशोब मांडायला कुणी कागद घेत नाही. तिथी ठाऊक असली की पाण्याची वेळ ठाऊक झाली.

हे गणित अगदी काटेकोर नाही. भरती रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते आणि पाऊणपटीत ४५च धरली जातात, त्यामुळे पक्ष संपता संपता हिशोब मागे पडतो. म्हणून पुनवेला आणि आवसेला पाऊणपट सोडून सरळ बारा धरायचे. होडी कधी लोटायची आणि कधी आत घ्यायची, एवढे ठरवायला ही अचूकता पुरेशी होती. आणि त्यासाठी लागणारे साधन, म्हणजे चंद्र, आकाशातच होते!

सरकारी हिशोब फार उशिरा आला. मुंबईत अपोलो बंदरावर भरतीची पातळी नोंदणारे यंत्र १८७८पासून चालू झाले; हिंदी महासागराच्या काठावरच्या सर्वांत दीर्घ नोंदींत त्याची गणना होते. पुढच्याच वर्षी, १८७९ साली, एडवर्ड रॉबर्ट्स यांनी लंडनमध्ये खास हिंदुस्थानच्या बंदरांसाठी भरतीचे भाकीत करणारे यंत्र उभे केले. चाकांवर आणि कप्प्यांवर फिरणाऱ्या त्या यंत्रात चंद्र-सूर्याच्या ओढीचे वेगवेगळे घटक एकत्र येत आणि वर्षभराच्या भरत्या कागदावर रेखल्या जात. पाऊणपटीचा हिशोब हेच काम ढोबळपणे करत आला होता.

वेळेइतकाच जोर महत्त्वाचा. पुनव-आवसेच्या आसपास उधाण. अष्टमीच्या आसपास भांग. उधाणात मुंबईजवळ भरती साडेचार मीटरच्या वर चढते, सुकतीला पाणी खूप खाली उतरते, आणि या दोन टोकांमध्ये ते ओढीने धावते. भांगात ते मरगळलेले असते. इथल्या मासेमारीची सारी घडीच यावर बसली, कारण तिचे मुख्य जाळे म्हणजे डोल. समुद्रात खुंट रोवून त्यांना ही लांबलचक पिशवी बांधायची, तोंड प्रवाहाकडे ठेवायचे आणि बोंबील, जवळा प्रवाहानेच आत आणून द्यायचा. पाण्याला ओढ नसेल तर डोल भरणार कशी? त्यामुळे उधाणाचे दिवस धंद्याचे आणि भांगाचे दिवस जाळी दुरुस्तीचे. वलांडीवर वाळणाऱ्या बोंबलांच्या रांगांमागेही चंद्राचाच हिशोब असतो.

त्यात वारा मिसळला की खरी परीक्षा. रात्री-पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा शिडाच्या होड्यांना बाहेर नेई, दुपारचा खारा वारा घरी आणी. पण खाडीच्या तोंडाशी वेगळाच प्रकार. वसईच्या दक्षिणेला उल्हासची खाडी, अर्नाळ्याच्या उत्तरेला वैतरणेचे मुख. सुकतीचे पाणी तिथून जोरात बाहेर पडत असते, समोरून वारा आणि लाटा येत असतात. दोन्ही भिडले की लाटा आखूड, उभ्या आणि धोक्याच्या होतात. बाहेर समुद्र शांत असला तरी खाडीच्या तोंडाशी होडी उलटू शकते. याच नद्यांच्या गाळाने इथले पाणी गढूळ राहते. मालवणसारखा तळ इथे दिसत नाही, म्हणून खोली डोळ्यांनी नव्हे, वेळेवरून ओळखावी लागते.

वर्षाचा हिशोब आणखी कडक. पावसाळ्यात समुद्र बंद, आणि तो उघडायचा नारळी पौर्णिमेला. युद्धालाही हे वेळापत्रक चुकले नाही. १७३७ साली मराठ्यांनी अर्नाळ्याचे बेट घेतले आणि १७३९च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांच्या सैन्यापुढे वसईच्या पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. त्यांना निघून जायला आठ दिवसांची मुदत मिळाली. २३ मे रोजी किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला. मृग तेव्हा जेमतेम दोन आठवड्यांवर होता. गलबतांनी जाणाऱ्यांना आणखी रेंगाळणे परवडणारे नव्हते.

आता १ जून ते ३१ जुलै अशी मासेमारीबंदी कायद्याने असते. १९९९ साली हैदराबादला स्थापन झालेली इन्कॉइस ही संस्था लाटांची उंची आणि वाऱ्याचे अंदाज रोज देते. हे अंदाज हवेतच, कारण तिथीला सगळे कळत नाही. दूर दक्षिण महासागरातल्या वादळाच्या लाटा किनाऱ्यावर वारा नसतानाही येतात. २००९च्या नोव्हेंबरमधले फयान किंवा २०२१च्या मे महिन्यातले तौक्ते वादळ कोणत्याही पाऊणपटीत बसत नव्हते.

पण तिथीला जे कळते तेही आज किनाऱ्यावर येणाऱ्यांपर्यंत पोहोचत नाही, याचे दुःख मोठे आहे. २१ मार्च २०१९, धुळवडीचा दिवस. नालासोपाऱ्याजवळच्या कळंबच्या किनाऱ्यावर पाच जण बुडाले. पौर्णिमा त्याच सकाळी संपली होती आणि उधाणाचा सर्वाधिक जोर पुनव-आवसेनंतरच्या एक-दोन दिवसांतच असतो. होळी पौर्णिमेला आणि धुळवड तिच्या दुसऱ्या दिवशी. म्हणजे रंग धुवायला लोक समुद्रावर येतात ते दरवर्षी नेमके उधाणात. किनाऱ्यावरच्या प्रत्येक फलकावर ‘पोहणे धोकादायक’ याच्या खाली त्या दिवसाची तिथी आणि भरती-सुकतीची वेळ खडूने लिहिली जायला हवी. ज्याला ती लिहिता येईल असा माणूस शेजारच्याच कोळीवाड्यात राहतो.

तोवर अर्नाळा, राजोडी, कळंब, भुईगाव, कुठेही पाण्यात उतरायचे असेल तर घरच्या दिनदर्शिकेवरची तिथी पाहून निघा, इन्कॉइसचा इशारा वाचा आणि वाळूवर जाळे विणणाऱ्या माणसाला विचारा. तो नको म्हणाला तर त्या दिवशी काठावरच बसा.