फरारी नायक आणि मराठी डिटेक्टिव्ह

मराठीत ‘हेर’ हा शब्द जुना आणि ‘डिटेक्टिव्ह’ हा नवा आहे, परंतु या दोहोंतील अंतर केवळ वयाचे नाही. हेर हा राजाचा माणूस. बहिर्जी नाइकांचे नाव मराठी मनात ठसले ते शत्रूच्या मुलखातील बित्तंबातमी धन्याकडे पोहोचवणारा म्हणून, कोणा गृहस्थाच्या घरातील चोरी शोधणारा म्हणून नव्हे. गावातील चोरीचा माग काढणे हे रामोशी, जागल्या अशा रखवालदारांचे काम असे आणि पाऊलखुणा शिवेपर्यंत नेऊन पुढील गावाच्या हवाली केल्या की त्यांची जबाबदारी संपे. फी घेऊन किंवा निव्वळ हौसेने गुन्ह्याचा छडा लावणारा आणि सरकारी चाकरीत नसलेला खासगी शोधक हे पात्र मराठी वाचकाला इंग्रजी पुस्तकांतून भेटले, आणि मराठीत आल्यावर त्याची चाल बदलली.

या पात्राच्या आधी त्याचा परिसर मराठीत आलेला होता. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांवरून ‘कालिकामूर्ती’, ‘इंद्रभुवनगुहा’ यांसारख्या कादंबऱ्या रचल्या, ज्यांत भुयारे, गुप्त कारस्थाने आणि वेषांतरे विपुल आहेत. परंतु तेथे रहस्य उलगडते ते घटनांच्या ओघात, पुराव्यावरून अनुमान करणाऱ्या एखाद्या बुद्धीच्या बळावर नव्हे. रहस्यकथा, म्हणजे ज्या कथेत वाचकापासून एक गोष्ट दडवून ठेवलेली असते आणि ती कळावी म्हणूनच पाने उलटली जातात, ती मराठीत मालिकेच्या रूपाने आणि घरोघर पोहोचण्याइतक्या प्रमाणात आणली बाबूराव अर्नाळकरांनी.

अर्नाळकर (1906 ते 1996) यांचे मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. टोपणनावातील अर्नाळा हे वसई तालुक्यातील किनाऱ्यावरचे गाव तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडत असे. 2014 मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला तेव्हा ते तिकडे गेले. हजाराहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत आणि भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयांनी त्यांतील कित्येक पाने अक्षरशः झिजेपर्यंत फिरवली. त्यांच्या लेखनात धनंजय आणि छोटू ही गुन्ह्याचा शोध घेणारी रीतसर जोडी आहे, तरीही नाव घेताच जुन्या वाचकाचे डोळे चमकतात ते झुंजार आणि काळापहाड यांच्यासाठी. हे दोघे कायद्याच्या काठावर, पुष्कळदा त्याच्या पलीकडे वावरतात, दुष्ट धनिकाला लुबाडतात आणि पोलिसांच्या हातावर तुरी देऊन निसटतात. असा सभ्य चोर युरोपात आधीच होता: इंग्लंडमध्ये हॉर्नंगचा रॅफल्स, फ्रान्समध्ये लब्लांचा आर्सेन लुपां. उसनवारीचा आरोप अर्नाळकरांवर सहज करता येतो; परंतु शेकडो परकी पात्रांतून मराठी वाचकाने नेमका फरारीच का उचलून धरला, हे त्या आरोपाने कळत नाही.

उत्तराचा काही अंश त्याच ठाणे जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मुरबाड तालुक्यातील सिद्धगडावर सापडतो. 1942 च्या आंदोलनात माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने सह्याद्रीतील जलविद्युत केंद्रांतून मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडण्याची मोहीम चालवली. मनोरा पडला की वीज तुटावी, वीज तुटली की गिरण्या व रेल्वे अडावी आणि युद्धात गुंतलेल्या सरकारची कोंडी व्हावी, असा त्यामागील हिशेब होता. पोलीस मागावर असताना दस्त्याने भीमाशंकराच्या रानातील या गडाचा आसरा घेतला. अखेर ठावठिकाणा पोलिसांपर्यंत पोहोचला आणि 2 जानेवारी 1943 च्या पहाटे हॉल नावाच्या अधिकाऱ्याच्या तुकडीने घातलेल्या छाप्यात दस्त्यातील हिराजी पाटील आणि स्वतः कोतवाल मारले गेले. शोध घेणे, धागा जुळवणे, दबा धरणे ही रहस्यकथेत नायकाची मानली गेलेली सारी कामे येथे परक्या सरकारने केली होती आणि जनतेचा जीव गुंतला होता तो शोधल्या जाणाऱ्यात. झुंजार किंवा काळापहाड यांचा जन्म सिद्धगडामुळे झाला असे मुळीच नव्हे. परंतु ज्या काळात खबऱ्या ही शिवी होती, त्या काळात पोलिसांना चकवणारा नायक वाचकाला आपला वाटला, यात नवल ते काय?

कॅनडातील फ्रेंच भाषकांचा अनुभव याच्याशी ताडून पाहण्यासारखा आहे. 1940 मध्ये फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात गेल्याने तिकडून येणारी पुस्तके थांबली आणि त्याच वर्षाच्या अखेरीस परकी चलन वाचवण्यासाठी कॅनडा सरकारने स्वस्त अमेरिकी कथामासिकांची आयात रोखली, तेव्हा माँट्रियलच्या प्रकाशकांनी दहा सेंटांच्या पुस्तिका काढल्या. त्यांतील आल्बेर ब्रियँ हा तर फ्रेंच कॅनडियनांचा ‘राष्ट्रीय डिटेक्टिव्ह’ म्हणूनच मिरवला गेला. 1947 पासून जवळजवळ वीस वर्षे पिएर सोरेल या टोपणनावाने पिएर देन्यो यांनी लिहिलेल्या मालिकेतील आयएक्सई-13 हा हेर कॅनडाच्या सरकारसाठीच लढला. इंग्रजी बहुसंख्येने वेढलेल्या त्या समाजालाही आपल्या भाषेचा नायक हवा होता, पण तो त्याने सरकारच्या बाजूला उभा केला. मराठीने मात्र आपला लाडका सरकारच्या पाठीमागे, अंधारात ठेवला.

स्वातंत्र्यानंतर हा अंधार हळूहळू निवळला. गुरुनाथ नाईकांच्या नायकांना कॅप्टन, मेजर असे लष्करी हुद्दे लाभले, सुहास शिरवळकरांचा अमर विश्वास बॅरिस्टर झाला (त्यांचा दारा बुलंद जुन्या वळणाचा राहिला, हे खरे) आणि श्रीकांत सिनकरांनी मुंबई पोलिसांच्या प्रत्यक्ष तपासांवरच कथा उभ्या केल्या. भा. रा. भागवतांचा बनेश ऊर्फ फास्टर फेणे हा फुरसुंगीचा शाळकरी मुलगा तर हौशी शोधकाचा निर्मळ नमुना आहे: ना फी, ना हुद्दा, नुसती सायकल आणि नाक खुपसण्याची खोड. संकटात तो सापडतो, शिताफीने सुटतो आणि चोर हाती लागले की त्यांना बिनदिक्कत पोलिसांच्या स्वाधीन करून ‘टॉक्’ करतो.