न जाणवणारा दाह

नागपूर जिल्ह्यांतील भिवापूरची मिरची जिभेला लागतांच तिचा दाह कळतो. मधुमेह्याच्या मूत्रपिंडांतील दाह मात्र वर्षानुवर्षें कळत नाहीं. वैद्यकालाही तो फार उशिरां उमगला.

मधुमेह चरक-सुश्रुतांस ठाऊक होता. पण त्याच्या तीव्र प्रकारांत रोगी फार काळ जगत नसे. १९२२ सालीं टोरांटो येथें मनुष्यास प्रथम इन्सुलिन टोंचण्यांत आलें. आयुष्य वाढलें, तसें मूत्रपिंडाचें दुखणेंही उघडें पडलें. १९३६ सालीं किमेलस्टील व विल्सन यांनीं अशा मूत्रपिंडांतील गांठींचें वर्णन केलें. दोष साखरेचा व रक्तदाबाचा, असें पुष्कळ वर्षें मानलें गेलें. तें खोटें नव्हतें, पण अपुरें होतें. पुढें रोग्याच्या मूत्रपिंडाचा सूक्ष्म तुकडा तपासतां तेथें रक्तांतील पांढऱ्या पेशींचा जमाव आढळला. साखरेनें दुखावलेल्या पेशी इशारा देतात आणि हे शरीररक्षक धांवून येतात. शत्रु सांपडत नाहीं, पण लढाईही थांबत नाहीं. त्यांच्याच माऱ्यानें रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म जाळ्यांवर वण पडत जातात.

लघवींत अल्ब्युमिन उतरूं लागतें, तेव्हां रोग्यास कांहींच दुखत नसतें. म्हणून मधुमेह्याच्या घरीं ही साधी तपासणी वर्षांतून एकदां तरी चुकूं नये.