मांडवातला फोटो: कळंबा-कोल्हापूरच्या लग्न-छायाचित्रणातील मांडणी आणि फॅशन

कोल्हापूरच्या दक्षिणेला, गारगोटी रस्त्यावरच्या कळंब्यात आज लग्नाचे फोटो दोन पद्धतींनी काढले जातात. पहिल्या पद्धतीत माणसे मांडून, उभी-बसवून, नजर कॅमेऱ्याकडे लावून फोटो घेतला जातो. दुसरीत माणसांना कळू न देता, तिरक्या कोनातून, मागचे सगळे धूसर करून तो टिपला जातो. पहिलीला ‘ट्रॅडिशनल’ म्हणतात, दुसरीला ‘कँडिड’, आणि ठरवाठरवीच्या वेळी दोन्हींचे दर वेगळे सांगितले जातात. पहिली पद्धत जुनी आणि दुसरी नवी, अशी सरळ वाटणी मात्र इतिहासात सापडत नाही. आज परंपरा मानल्या जाणाऱ्या मांडणीची सुरुवात कधीकाळी आयात केलेल्या फॅशनने झाली. तिच्यातला जो भाग इथल्या लग्नाच्या उपयोगी पडला तो टिकला, बाकीचा गळून गेला.

छायाचित्रणाचे तंत्र १८३९ मध्ये युरोपात जाहीर झाले आणि सुमारे पंधरा वर्षांत, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या पिढीतले नावाजलेले छायाचित्रकार. छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत स्टुडिओ उघडला, तोवर संस्थानिकांमध्ये दरबारी छायाचित्राची प्रथा रुळली होती. कोल्हापूरच्या छत्रपती घराण्याची जी छायाचित्रे न्यू पॅलेसमधील संग्रहालयात आहेत, ती याच प्रथेची साक्ष देतात. लग्नविधी चालू असताना फोटो काढणे मात्र त्या काळात जवळपास अशक्य होते. ओल्या काचेची पद्धत वापरायची तर काच जागेवरच तयार करून लगेच धुवावी लागे, आणि समोरच्या माणसाने कित्येक सेकंद निश्चल राहावे लागे. मंगलाष्टका चालू असताना कोण निश्चल राहणार? त्यामुळे सुरुवातीचा लग्नाचा फोटो लग्नानंतर, नवीन जोडप्याने स्टुडिओत जाऊन काढून घेतलेला असे.

या फोटोची मांडणी युरोपातून आली होती. मागे रंगवलेला पडदा, बाजूला लाकडी खांब किंवा फुलदाणीचे तिवई-टेबल, खुर्चीवर बसलेला नवरा आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली बायको. सगळे शरीर ताठ, कारण हलले की चेहरा पुसट होई. चेहऱ्यावरच्या गांभीर्याचे पुष्कळसे श्रेय त्या काळच्या मंद काचेलाच द्यावे लागते. या काचांचा आणखी एक दोष होता. त्यांना निळा रंग दिसे, पण तांबडा आणि पिवळा नीट दिसत नसे. निळे आकाश पांढरे येई, कुंकू काळे येई आणि हळद लागलेला चेहरा होता त्याहून सावळा येई. मराठी लग्नाचे दोन मुख्य रंग असे नेमके कॅमेऱ्याला न दिसणारे निघाले. म्हणून निगेटिव्हवर बारीक शिसपेन्सिलीने ‘टचिंग’ करण्याचे कौशल्य या धंद्यात मोलाचे ठरले, आणि पुढे छापील फोटोवर हाताने रंग चढवण्याचेही.

कोल्हापुरात ही कौशल्ये परकी नव्हती. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे कलावंत संगीत नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून नावारूपाला आले. खोलीचा, राजवाड्याचा, अरण्याचा आभास कापडावर कसा उभा करायचा, हे या शहराने रंगभूमीवर पाहिलेले होते. बाबूरावांनी १९१७ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२० च्या ‘सैरंध्री’पासून त्यांनी रंगवलेल्या सपाट पडद्याऐवजी प्रत्यक्ष उभारलेले सेट वापरायला सुरुवात केली, आणि १९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. पडदे रंगवण्यात नाव कमावलेल्या कलावंतानेच चित्रपटातून पडदा हद्दपार केला, ही कोल्हापूरच्या दृश्यकलेतली मोठी घटना आहे. १९२९ मध्ये प्रभात फिल्म कंपनीही याच शहरात स्थापन झाली. रुपेरी पडद्यावर प्रकाश-सावलीचा असा खेळ चालू असताना फोटो स्टुडिओंनी मात्र रंगवलेला पडदा पुढे कित्येक वर्षे सोडला नाही. त्याला कारण होते. गिऱ्हाइकाला त्या पडद्यातून स्वतःच्या घरात नसलेली बाग, जिना आणि दिवाणखाना मिळत होता.

कोरड्या काचा, मग रोल फिल्म आणि फ्लॅश आल्यावर कॅमेरा स्टुडिओतून मांडवात शिरला. कळंबा तेव्हा शेतीचे गाव होते. शहराला पाणी पुरवणारा तलाव आणि मध्यवर्ती कारागृह यांसाठी ते ओळखले जाई. लग्ने घरापुढच्या मांडवात होत, आणि फोटोग्राफर शहरातून बोलावला जाई. या काळात मांडणीची जी शिस्त तयार झाली, तीच आज खऱ्या अर्थाने परंपरा म्हणता येईल, कारण तिचे नियम युरोपच्या स्टुडिओने नाही, इथल्या नात्यांनी ठरवले.

ग्रुप फोटो हे तिचे सर्वांत पक्के रूप. मधोमध नवरा-नवरी, त्यांच्या दोन्ही अंगांना खुर्च्यांवर आजी-आजोबा, आई-वडील, वडीलधारे. मागे काका, मामा, भाऊ उभे, पुढे जाजमावर मांडी घातलेली पोरे. आत्या आणि मावशी कुणाच्या बाजूला, मामाला खुर्ची की मागची रांग, करवली नवरीला खेटून की पोरांत, या प्रत्येक गोष्टीला अर्थ होता. फोटोत जागा चुकली तर रुसवा ठरलेला, आणि एखादा फोटोत राहूनच गेला तर ती आठवण पुढच्या कार्यापर्यंत टिके. फोटोग्राफरला म्हणून प्रकाशाइतकेच नात्यांचे भान ठेवावे लागे. भिंतीवर टांगलेला असा एक फोटो म्हणजे त्या घराण्याचा त्या वर्षीचा पट असतो: कोण हयात होते, कोण विधवा होती, कोणाच्या डोक्यावर पदर होता आणि कोणाच्या नव्हता, फेटे किती आणि टोप्या किती. सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाला एवढी माहिती देणारा दुसरा घरगुती दस्तऐवज विरळाच.

या शिस्तीचे दुसरे रूप अंतरपाटाच्या फोटोत दिसते. नवरा-नवरी समोरासमोर उभे, मध्ये स्वस्तिक काढलेले कापड, नवरीच्या मागे मामा, भोवती कलश घेतलेल्या करवल्या आणि चारी बाजूंनी अक्षता. अंतरपाट दूर होऊन हार पडेपर्यंत जेमतेम काही क्षण मिळतात. अनुभवी फोटोग्राफर या वेळी अंतरपाटाच्या कडेच्या रेषेत, भटजींच्या बाजूला जागा धरतो. तिथून दोघांचे चेहरे बाजूने, समान अंतरावर येतात, मधली कापडाची कड चौकटीला उभी दुभागते आणि मामाही चौकटीत राहतो. कापड हलले तरी कॅमेरा हलवावा लागत नाही. ही मांडणी कोणत्याही पुस्तकात शिकवलेली नाही, विधीनेच ती ठरवून दिली आहे. पाश्चात्त्य चित्रकलेतला ‘तिसऱ्या भागाचा नियम’ १७९७ मध्ये जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने निसर्गदृश्यांच्या संदर्भात मांडला. विषय मध्यावर नको, एका तृतीयांशावर असावा, हे त्याचे सार. अंतरपाटाला तो लागू पडत नाही, कारण तिथे मध्य हाच विषय आहे.

शिस्तीला यंत्राचाही हातभार होता. १२० चा रोल, चौकोनी चौकटीचे बारा फोटो, आणि दोन भिंगांचा कॅमेरा पोटाशी धरून वरून काचेत पाहायचे. काचेतले चित्र डावे-उजवे उलट दिसे, त्यामुळे घाईत नेम धरणे अवघड होते. कॅमेरा कमरेच्या उंचीवर असल्याने माणसे भारदस्त येत आणि क्षितिज सरळ राही. बारा फोटोंत हळद, देवक, अक्षता, सप्तपदी, पंगत आणि पाठवणी बसवायची म्हणजे एकेक फोटो आधी मनात काढावा लागे. १९६० मध्ये स्थापन झालेल्या उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सने देशी फिल्म बाजारात आणली, तरी रोल ही जपून वापरायचीच वस्तू राहिली.

पस्तीस मिलिमीटरचा कॅमेरा आणि रंगीत फिल्म यांनी ही काटकसर सैल केली. एका रोलमध्ये छत्तीस फोटो मिळू लागले. रंगाने एक नवी अडचण आणली: मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडातून गाळून येणारे दुपारचे ऊन चेहऱ्यांवर उतरे आणि सगळे वऱ्हाड तांबडे दिसे. त्यावर उपाय म्हणून फ्लॅशचा मारा वाढला आणि चेहरे सपाट झाले. १९८० च्या दशकात व्हिडिओ शूटिंग आले. झगझगीत दिव्याखाली डोळे मिचकावत आहेर देणाऱ्यांची रांग हा कॅसेटचा मोठा भाग बनला. स्टेजची दिशा, भटजींची जागा, क्वचित विधीचा वेगही शूटिंगच्या सोयीने ठरू लागला. लग्नाचा कारभार कॅमेऱ्याच्या हाती जाण्याची सुरुवात इथे झाली, कँडिड पद्धतीने नव्हे.

व्हिडिओबरोबर दृश्यांचे ‘मिक्सिंग’ आले आणि डिजिटल कॅमेऱ्याबरोबर संगणकावरचे अल्बम-डिझाइन. फॅशनचा खरा पूर तेव्हा लोटला. बदामाच्या आकारात नवरीचा चेहरा, गुलाबाच्या पाकळीत नवरदेव, मागे स्वित्झर्लंडचे डोंगर. करिझ्मा अल्बमच्या रुंद पानावर एकाच नवरीची पाच रूपे. सगळा फोटो काळा-पांढरा आणि फक्त शालू किंवा हिरवा चुडा रंगीत. चौकट तिरकी, म्हणजे मांडवाचा खांब कलंडलेला. यातल्या बऱ्याच युक्त्या सिनेमातून आल्या. तिरकी चौकट १९२० च्या सुमाराच्या जर्मन चित्रपटांनी रूढ केली. तिथे ती मनाचा तोल गेल्याची, भयाची खूण होती. काळ्या-पांढऱ्यात एकच रंग ठेवण्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे १९९३ च्या ‘शिंडलर्स लिस्ट’मधला लहान मुलीचा लाल कोट, आणि त्याचा संदर्भ नरसंहाराचा आहे. मूळ अर्थ बाजूला राहिला, युक्ती तेवढी लग्नात आली. कललेला खांब अस्वस्थता सुचवतो, मांडवात त्याचे काही काम नाही. म्हणूनच हे अल्बम दहा वर्षांतच जुनाट दिसू लागले, तर त्यांच्या चाळीस वर्षे आधीचे काळे-पांढरे ग्रुप फोटो आजही भिंतीवर आहेत.

कँडिड पद्धतीचे तसे नाही. तिची मुळे खोल आहेत. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका या हातात मावणाऱ्या कॅमेऱ्याने न सांगता फोटो घेणे शक्य केले, आणि छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ च्या पुस्तकाने नेमका क्षण पकडण्याला कलेची प्रतिष्ठा दिली. भारतीय लग्नात ही पद्धत मुख्यतः २०१० नंतर पसरली. अंधारातही चांगले चित्र देणाऱ्या डिजिटल कॅमेऱ्यांमुळे डोळे दिपवणारा दिवा लागेनासा झाला. कँडिड पद्धतीने मिळवून दिलेले मोल मोठे आहे. घाणा भरताना गाणाऱ्या बायका, कानपिळीच्या वेळी हसणारा मेहुणा, पाठवणीच्या वेळी खांबाआड तोंड फिरवून उभा असलेला बाप, स्वयंपाकघरात घामाघूम झालेली चुलती, ही माणसे जुन्या बारा फोटोंत कधीच येत नव्हती. आली तरी ताठ उभी राहून येत. कँडिडने त्यांना लग्नात जागा दिली.

तिचा दोष भिंगाच्या निवडीत आहे. लांब पल्ल्याचे भिंग पूर्ण उघडे ठेवून घेतलेल्या फोटोत नवरीचा डोळा आणि पापणी लखलखीत येते, मामा मात्र रंगाचा ठिपका होतो. अंतरपाटाचा फोटो नवऱ्याच्या खांद्यावरून घेतला तर नवरी दिसते, पण नवरा, कापड आणि भटजी जातात. असा फोटो कोणत्याही गावातल्या, कोणत्याही लग्नातला असू शकतो. कळंब्यातल्या लग्नाचा तो पुरावा राहत नाही.

गेल्या काही वर्षांत शहर वाढत कळंब्याला येऊन भिडले, मांडवांची जागा मंगल कार्यालयांनी आणि लॉननी घेतली. लग्नाआधीच्या प्री-वेडिंग शूटची प्रथाही रुजली. त्यात जोडप्याच्या हालचाली चित्रपटगीतांतल्यासारख्या असतात. तलावाचा काठ, उसाचा फड, पन्हाळ्याची तटबंदी ही त्या शूटची नेपथ्ये, म्हणजे स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्याचेच उघड्यावरचे रूप. ड्रोनचा वरून घेतलेला फोटो मांडवाचा आकार आणि वरातीची लांबी दाखवतो, चेहरा दाखवत नाही. उजळाईवाडीला विमानतळ असल्याने या भागात ड्रोन उडवताना परवानगीचे नियमही पाहावे लागतात. मोबाइलच्या उभ्या चौकटीने तर रुंद ग्रुप फोटोलाच अडचणीत आणले आहे: उभ्या पडद्यावर दोन माणसे चांगली मावतात, वीस मावत नाहीत.

व्यवहारात आता बहुतेक ठिकाणी दोन्ही पद्धतींचे फोटोग्राफर एकाच लग्नात असतात आणि दोघांची कामे वेगळी ठेवली की दोन्ही चांगली होतात. अक्षता, कन्यादान, सप्तपदी आणि ग्रुप यांना सरळ क्षितिज, पुरेशी खोली आणि सगळ्यांचे चेहरे हवेत. हळद, वरात, पंगत आणि पाठवणी यांना मोकळा हात हवा. रंगाचे प्रयोग प्रतीवर करावेत, मूळ फाइल जशीच्या तशी ठेवावी. घरच्यांनीही एक काम आपल्याकडे घ्यावे: फोटोग्राफरला आधीच नातेवाइकांची यादी द्यावी, पंगतीला गर्दी उठण्यापूर्वी वडीलधाऱ्यांचा ग्रुप काढून घ्यावा, त्याची कागदावर प्रत करावी आणि मागे प्रत्येकाचे नाव, गाव आणि तारीख लिहावी.