कृत्रिम मृगाचे लक्ष्य : अहिल्यानगर परिसर आणि धनुर्विद्येचा एक दुर्लक्षित धागा

धनुर्विद्येचा इतिहास लिहिताना धनुष्य, बाण आणि धनुर्धर यांचा जितका विचार होतो, तितका बाण ज्याच्यावर सोडला जातो त्या लक्ष्याचा होत नाही. वास्तविक एखाद्या समाजात ही विद्या कोणाच्या हाती होती, ती कशासाठी शिकली जात होती आणि पुढे ती टिकली की लोपली, या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा लक्ष्याच्या स्वरूपातच दडलेली असतात. जिथे शिकार हे पोट भरण्याचे साधन असते, तिथे सराव आणि शिकार यांत फारसे अंतर राहत नाही व रानातला प्राणी हेच लक्ष्य ठरते. उलट जिथे ही विद्या शिकवायची, तिची परीक्षा घ्यायची किंवा तिचे प्रदर्शन मांडायचे असते, तिथे प्राण्याची प्रतिकृती हाताने घडवावी लागते. पश्चिमेला अकोल्याचे डोंगर, मध्यभागी प्रवरा-मुळेची खोरी आणि दक्षिणेला कर्जत-श्रीगोंद्याची माळराने असलेल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या भूमीवर या दोन्ही परंपरांचा माग काढता येतो.

या भेदाचे सर्वांत जुने आणि स्पष्ट चित्र महाभारताच्या आदिपर्वात आढळते. द्रोणाचार्यांनी राजकुमारांची परीक्षा घेतली तेव्हा झाडाच्या शेंड्यावर बसवलेला पक्षी जिवंत नव्हता, तर कारागिरांकडून मुद्दाम करवून घेतलेला होता. लोककथांनी त्याला पोपट केले असले तरी मूळ ग्रंथात तो भास नावाचा पक्षी आहे. पुढे रंगभूमीवर, म्हणजे शस्त्रकौशल्य दाखवण्यासाठी आखलेल्या मैदानावर, अर्जुनाने फिरत्या लोखंडी वराहाच्या तोंडात जणू एकच बाण असावा अशा रीतीने पाच बाण मारले आणि दोरीला टांगून झुलत ठेवलेल्या गाईच्या शिंगात एकवीस बाण रोवले, असे वर्णन येते. याच पर्वातील एकलव्याला मात्र कोणी कारागीर उपलब्ध नव्हता. त्याने स्वतःच्या हातांनी मातीचा गुरू घडवला, आणि त्याचे कौशल्य जगाला कळले ते भुंकणाऱ्या जिवंत कुत्र्याच्या तोंडात मारलेल्या सात बाणांमुळे. राजपुत्रांसमोर घडवलेला पक्षी आणि वनवासी तरुणासमोर जिवंत प्राणी, ही एकाच कथेतील मांडणी पुढील अनेक शतकांच्या इतिहासाची दिशा सांगून जाते.

प्राण्यांच्या अशा मोठ्या, हलवता येणाऱ्या प्रतिकृती घडवण्याचे कसब प्रवरेच्या खोऱ्याला फार पूर्वीपासून अवगत होते. श्रीरामपूर तालुक्यातील दायमाबाद येथे १९७४ साली छबू लक्ष्मण भिल यांना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ अशी चार कांस्यशिल्पे सापडली. त्यांचे एकत्रित वजन साठ किलोहून अधिक असून गेंडा आणि रेडा यांना चाके जोडलेली आहेत. ही शिल्पे नेमबाजीची लक्ष्ये होती असे मानण्यास कोणताही आधार नाही. परंतु फिरत्या वराहाची कल्पना ज्या कारागिरीवर उभी राहते, ती कारागिरी, म्हणजे प्राण्याचा घाट साधून त्याला गती देण्याची हातोटी, या भूमीला परकी नव्हती एवढे त्यांवरून निश्चित म्हणता येते.

धनुर्वेदाच्या ग्रंथांनी लक्ष्याचा विचार शास्त्र म्हणून केला. वसिष्ठांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या धनुर्वेदसंहितेत लक्ष्याचे चार प्रकार सांगितले आहेत : धनुर्धर आणि लक्ष्य दोन्ही स्थिर असतील तर ते स्थिर लक्ष्य, धनुर्धर स्थिर आणि लक्ष्य हलते असेल तर चल, धनुर्धर हलता आणि लक्ष्य स्थिर असेल तर चलाचल, आणि दोन्ही हलते असतील तर द्वयचल. हे वर्गीकरण मुळात सरावाच्या पायऱ्यांचे आहे, आणि स्थिर पायरीवरून चल पायरीवर जायचे तर हवे तेव्हा, हव्या त्या वेगाने हलवता येणारे लक्ष्य तयार करण्यावाचून गत्यंतर नसते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात शस्त्रविनोद आणि मृगयाविनोद अशी दोन वेगळी प्रकरणे आहेत, हेही याच दृष्टीने महत्त्वाचे आहे. दख्खनच्या दरबारात शस्त्राचे कौशल्य दाखवणे आणि शिकार करणे या दोन स्वतंत्र कला झाल्या होत्या, याचा तो पुरावा होय.

१४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाहीची स्थापना केली आणि त्यानंतर भिंगारजवळ अहमदनगर शहर वसले. या शहरात द्वंद्वयुद्धाचे वेड इतके वाढले होते की विद्येच्या शाळांऐवजी तलवारबाजीचे आखाडे ठिकठिकाणी दिसत, असे इतिहासकार फिरिश्ता नोंदवतो. त्या काळच्या दरबारी तिरंदाजीत सरावासाठी ओलसर मातीचा ढिगारा, ज्याला तोदा म्हणत, वापरला जाई. मऊ मातीत बाण रुतत असल्यामुळे त्याचे टोक आणि काडी सुरक्षित राहत. खांदा आणि दंड कमावण्यासाठी दोरीऐवजी लोखंडी साखळी लावलेले धनुष्य ओढण्याचा व्यायाम असे, आणि महाराष्ट्राच्या तालमींत, शाळांत व मिरवणुकींत आजही खणखणणारी लेझीम ही त्याच सरावधनुष्याची वारस आहे. युद्धातून धनुष्य हद्दपार झाले, पण सरावाचे साधन मात्र समाजाने जपले, ही बाब विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

कृत्रिम लक्ष्यामागे केवळ सराव नसून इच्छाही असते, याचे विलक्षण उदाहरण निजामशाहीच्याच इतिहासाशी निगडित आहे. डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात असलेल्या, चित्रकार अबुल हसन याने सुमारे १६१६ मध्ये काढलेल्या चित्रात मोगल बादशहा जहांगीर निजामशाहीचा सेनानी मलिक अंबर याच्या भाल्यावर खोचलेल्या शिरावर बाण सोडताना दिसतो. प्रत्यक्षात मलिक अंबर मोगलांच्या हाती कधीच लागला नाही. १६२४ मध्ये नगरजवळच्या भातवडीच्या लढाईत त्याने मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला आणि १६२६ मध्ये वृद्धापकाळाने त्याचा मृत्यू झाला. जे रणांगणात साधले नाही, ते चित्रकाराने घडवलेल्या लक्ष्यावर साधून घेतले गेले.

दरबाराबाहेरची परंपरा निराळ्या वाटेने चालली. जिल्ह्यातील भिल्ल आणि अकोल्याच्या डोंगरांतील महादेव कोळी व ठाकर यांच्या जीवनात शिकार हे उदरनिर्वाहाचे एक अंग होते. भिल्लांचा तिरकमठा म्हणजे बांबूचे धनुष्य. त्याची दोरीही बहुधा बांबूच्याच चिरलेल्या पट्टीची असे. या समाजांत मुलगा लहान धनुष्य घेऊन पाखरे, सरडे, झाडावरची फळे टिपत शिके आणि मोठा झाल्यावर रानात शिरे. त्याला घडवलेल्या हरणाची गरज नव्हती, कारण रान हीच त्याची शाळा होती.

ही शाळा एकोणिसाव्या शतकात बंद पडली. इंग्रजांविरुद्ध बंड करणारे महादेव कोळी नेते राघोजी भांगरे यांना १८४८ मध्ये ठाण्यात फाशी देण्यात आली. १८५७ मध्ये भागोजी नाईकांच्या नेतृत्वाखाली बंड करून उठलेल्या भिल्लांशी नांदूर शिंगोटे येथे झालेल्या चकमकीत पोलीस अधीक्षक हेन्री मारला गेला, आणि त्या बंडाच्या बंदोबस्तासाठी इंग्रजांनी डोंगरी कोळ्यांचीच पलटण उभारली. १८७८ च्या शस्त्र कायद्याने शस्त्रांच्या व्याख्येत बंदुका-तलवारींबरोबर धनुष्यबाणही घातले, आणि त्याच वर्षीच्या वन कायद्याने राखीव जंगलातील शिकारीवर निर्बंध आणले. एका कायद्याने शस्त्र आणि दुसऱ्याने लक्ष्य हिरावून घेतले. ज्यांच्याकडे कृत्रिम लक्ष्याची परंपराच नव्हती, त्यांच्या विद्येला त्यामुळे आधार उरला नाही. स्वातंत्र्यानंतर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटासारख्या प्राण्यांना संपूर्ण संरक्षण दिले आणि १९८० मध्ये कर्जत तालुक्यात रेहेकुरी हे काळवीट अभयारण्य घोषित झाले. हे संरक्षण सर्वस्वी योग्य आणि आवश्यक आहे. मात्र त्यामुळे प्राण्यावर नेम धरण्याची कला टिकवायची असेल तर ती केवळ घडवलेल्या प्राण्यावरच टिकू शकते, हेही तितकेच उघड झाले.

जगात या कलेने आता क्रीडाप्रकाराचे रूप घेतले आहे. त्रिमिती धनुर्विद्या या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळात रानवाटेवर फोमचे पूर्णाकृती प्राणी उभे केलेले असतात, त्यांचे अंतर खेळाडूला सांगितले जात नाही, आणि प्राण्याच्या मर्मस्थानी आखलेल्या क्षेत्रांनुसार ११, १०, ८ आणि ५ गुण मिळतात. असे लक्ष्य घरगुती साधनांनीही उभारता येते, पण त्यामागचे तत्त्व समजून घ्यावे लागते. बाण कठीण पृष्ठभागावर आपटून थांबता कामा नये, तर त्याच्या काडीभोवती होणाऱ्या घर्षणाने थांबला पाहिजे. म्हणून फोमच्या किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्या घट्ट आवळून अशा रचतात की त्यांच्या कडा नेमबाजाकडे येतात आणि बाण दोन थरांच्या मधून शिरतो. खांद्याशी सुमारे ८० सेंटिमीटर उंच असणारे काळवीट घडवायचे तर धड असे थरांचे करावे, पाय, मान आणि शिंगे हलक्या साहित्याची करावीत, आणि पुढच्या पायाच्या किंचित मागे, छातीच्या खालच्या भागात येणारा मर्मस्थानाचा तुकडा काढता-घालता येईल असा ठेवावा, कारण सर्वाधिक बाण तिथेच बसतात व तोच भाग आधी झिजतो. मागे मातीचा उंच बांध असणे हे सुरक्षिततेसाठी अनिवार्य आहे. जुन्या तोद्याची उपयुक्तता इथे पुन्हा सिद्ध होते.

महाभारतातील राजपुत्रांना जे लक्ष्य कारागिरांकडून आयते मिळाले, ते एकलव्याला मिळाले नव्हते, आणि विद्येवरील अधिकार कोणाचा हा प्रश्न त्या अंतरातूनच उभा राहिला होता. आज पुठ्ठा, फोम आणि चार कुशल हात एवढ्या भांडवलावर हे अंतर भरून काढता येते. अकोले-संगमनेरच्या आश्रमशाळांतील मुलांनी आपल्या पूर्वजांना ठाऊक असलेले भेकर, रानडुक्कर आणि काळवीट स्वतः घडवून त्यांच्यावर नेम धरला, तर रानातील एकाही जिवाला इजा न होता तिरकमठ्याची विद्या तिच्या खऱ्या वारसांकडे परत येईल, आणि लेझमीने जे व्यायामाच्या बाबतीत साधले तेच नेमबाजीच्या बाबतीतही साधेल.