सोनगडचे पिलाजीराव गायकवाड : पागेपासून गुजरातच्या कारभारापर्यंत

सुरतेतल्या मराठी माणसाला कधी ना कधी ऐकावं लागतंच, “तुम्ही सुरत लुटणारे!” १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्या खऱ्याच आहेत, त्या नाकारायचं कारण नाही. पण माझं म्हणणं असं, की इथे येऊन राहिलेल्यांचाही एक इतिहास आहे आणि तो आपल्या डिंडोलीकरांच्या गावी जायच्या वाटेवरच आहे. उधन्याहून भुसावळची गाडी धरली की व्यारा सोडल्यावर उकाई-सोनगड लागतं. बडोद्याच्या गायकवाडांचं पहिलं ठाणं ते हेच.

गायकवाड मूळचे पुण्याजवळच्या दावडीचे, सेनापती दाभाड्यांच्या पदरचे. १७२० च्या बाळापूरच्या लढाईत दमाजींनी नाव काढलं. शाहू महाराजांनी त्यांना ‘समशेर बहादूर’ किताब दिला. पुढच्याच वर्षी ते वारले आणि किताब पुतण्याकडे, पिलाजीरावांकडे आला.

पिलाजीरावांची पागा आधी नवापुरात होती. तिथे कदम बांड्यांचा हक्क निघाला, म्हणून ते सोनगडाकडे सरकले. १७१९ च्या सुमारास सुरतेवर चालून जाऊन त्यांनी मोगल फौज मोडली होती. सोनगडचा डोंगर मेवासी भिल्लांकडून घेऊन त्यांनी तिथे किल्ला उभारायला घेतला. जागा बघा कशी हेरली: एका अंगाला खानदेश, दुसऱ्या अंगाला सुरतेची अठ्ठाविशी, म्हणजे सुरतेभोवतीचे २८ महाल. चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा. तो दरसाल घ्यायचा तर जवळ ठाणं हवंच.

पुढे कंठाजी कदम बांड्यांशी वाटणी ठरली. महीच्या उत्तरेची चौथाई कंठाजींची, दक्षिणेची पिलाजीरावांची.

१ एप्रिल १७३१ ला डभोईजवळ दाभाडे आणि बाजीराव पेशवे एकमेकांशी लढले. सेनापती त्र्यंबकराव दाभाडे पडले. पिलाजीराव हरणाऱ्या बाजूला होते. मुलगा गमावून, जखमी होऊन ते सोनगडाला परतले. तरी गुजरातचा कारभार त्यांच्याचकडे राहिला. ते बाल सेनापती यशवंतरावांचे मुतालिक झाले आणि ‘सेना खासखेल’ किताब मिळाला. सरदार हरला तरी त्याच्यावाचून वसुली होत नव्हती, असा मी याचा अर्थ लावतो.

१७३२ मध्ये मोगल सुभेदार अभयसिंहाने बोलणी लावली आणि डाकोरला त्याच्या माणसांनी दगा करून पिलाजीरावांना मारलं. सावलीला त्यांचं दहन झालं. बडोदंही गेलं, पण त्यांचे चिरंजीव दमाजी यांच्या काळात, १७३४ मध्ये, ते परत आलं. बादशाही सुभेदारी अभयसिंहाकडे होती, पिलाजीरावांकडे नव्हती. तरी अभयसिंह निघून गेला आणि गायकवाडी १९४९ पर्यंत टिकली.

याचा अर्थ सगळं गोड होतं असा नाही. मोगल आणि मराठे अशा दोघांच्या वसुलीचा भार इथल्या कुणब्यानेच सोसला. तेही आपण सांगायला हवं. मात्र ‘लुटून गेले’ एवढ्यावर जो थांबतो, त्याला एकदा सोनगडचा गड चढायला सांगा.